दोन पत्त्यांची थरथर

३ तारीख, सोमवार
नातीने नवी चाल बांधलीय. तिला आजोबांचीच अकॉर्डियन हवी. कॉम्प्युटरात चाळीस अकॉर्डियनचे आवाज आहेत, ते ऐकवले. सगळे एका साच्यातले, एकालाही घाम आलेला नाही. कपाटावरून ह्यांची पेटी काढली. भाता उसवलाय, दुरुस्तीवाल्याकडे धाडली. कार्यक्रम पुढच्या शनिवारी.

६ तारीख
किटली कोरडी करपली. सून म्हणते, शिट्टी केव्हाची वाजत होती. हिच्या किटलीला शिट्टी तरी आहे का.

७ तारीख
पेटी आली. नातीने वाजवली — आवाज सपाट, मेलेला.

अकॉर्डियनच्या कारखान्यात अकरा वर्षं मी पत्त्या घासल्या, भात्याच्या वाऱ्याने सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या. एकेका सुराला दोन पत्त्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या की पेटी प्रार्थनेला बसते. एक केसभर चढी ठेवली की आवाज थरथरतो आणि माणसं नाचायला उठतात. चाल तीच बरं! मालकाचं माप ठरलेलं होतं. एका पेटीत माझा हात जरा जास्त चालला. मालक ओरडला, "ही पेटी आहे की थंडी वाजणारा माणूस?" गिऱ्हाईक म्हणालं, "मला हीच द्या. घासली कोणी?"

आधी पेटी नेली, मग मला.

८ तारीख
दुरुस्तीवाल्याला फोनवर धुतला. दोन्ही पत्त्या तंतोतंत जुळवून ठेवल्यान् मेल्याने. म्हणतो, "आजी, फक्त भाता चिकटवला. पत्त्यांना हात लावला नाही, शपथ." शपथा काय, खोटारड्यांकडे पोत्याने असतात.

१० तारीख
माझी कानस सापडली. हात आता पूर्वीचा राहिला नाही. जास्त घासली तर पत्ती गेली, तशी दुसरी मिळायची नाही. पण ह्यांचा आवाज असा टाकून देऊ?

११ तारीख
पेटी उघडायला बसले तर नात आडवी आली. "आजी, थरथरतेय की! होती तशीच आहे." ही पण त्याला सामील. उद्या ती बाहेर पडली की उघडते.

१२ तारीख
नात बाहेर गेलीच नाही. तिने माझा तळहात पेटीच्या अंगावर दाबला आणि सूर धरला.

थरथर होती. हाताला लागली. कानाला नाही.

कानस डब्यात ठेवली. दुरुस्तीवाल्याची माफी मागायचीय. नातीला सांगितलं, शनिवारी मला पहिल्या रांगेत बसवू नकोस. तुझ्या शेजारी खुर्ची टाक, हात पेटीला पुरेल अशी.