निळा अजून खलायचा आहे

आम्स्टरडॅम, २० नोव्हेंबर १६७५

ती. तैमनदादास,
मख्तेल्टचा सा. न. वि. वि.

तू होर्नच्या चर्चमध्ये सुखरूप आहेस, हे मासळीच्या होडीवाल्याकडून कळलं. समुद्राचा बांध फुटला त्या दिवसापासून नेलवहिनी आणि तुमची लेक ग्रीट सापडलेल्या नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. मी ऐकलं आणि पुन्हा नकाशे रंगवायला बसले. मला काहीच वाटत नाही दादा, आणि त्याचीच भीती वाटते.

आज नेमका आपल्याच भागाचा नकाशा हाती आला. सवयीने कुरणं हिरवी केली, आपल्या गावाला लाल ठिपका दिला. आता नकाशे कोरणारे योस्टकाका छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावरून गाव घासून काढणार आहेत. बुडालेलं गाव विकलं तर गिऱ्हाईक हसेल, असं मालकांचं म्हणणं. मग तिथे मला निळा भरायचा आहे. भरू का?

तू इकडेच ये. माडीवर जागा आहे.

माया आहे तशीच राहू दे.
मख्तेल्ट

होर्न, २६ नोव्हेंबर

चि. मख्तेल्ट हिस अनेक आशीर्वाद.

जेवतो, झोपतो. नेल परवा बांधापाशी मिळाली, तिला पुरलं. ग्रीट नाही. रोज होडी घेऊन जातो.

नेल म्हणायची, तू रंगवतेस तसला निळा समुद्र कुणी बापजन्मात पाहिला नसेल. खरंय. पाणी तपकिरी आहे.

ग्रीट मिळेपर्यंत तिथे पाणी भरू नकोस. वेडा हट्ट आहे, कळतं मला. तोवर मीही तिकडे येणार नाही.

तुझा,
तैमन

आम्स्टरडॅम, ५ डिसेंबर

ती. दादास सा. न.

योस्टकाकांनी पत्रा मागून ठोकला, पुढून घासला, तरी जुनी रेघ पुरती जात नाही. छापात गावाचं नाव फिकट उमटतंच. मालक वैतागले, दाट निळा दे, झाकून जाईल, म्हणाले. मी सांगितलं, निळा अजून खलायचा आहे. आठ दिवस हेच सांगतेय. काल त्यांनी विचारलं, की रंग खलतेस की त्याचं लोणी काढतेस. सोमवारी रंग भरला नाही तर काम दुसरीला देणार आहेत.

साठ नकाशे पुरे झालेत, फक्त तेवढी जागा कोरी आहे. सोमवारीही मी तेच सांगणार.

जेवत जा.
मख्तेल्ट

होर्न, ८ डिसेंबर

चि. मख्तेल्ट हिस आशीर्वाद.

ग्रीट काल दुपारी मिळाली, आपल्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यात. आईशेजारी ठेवली. सोमवारच्या आत पोचावं म्हणून पत्र होडीवाल्याच्याच हाती देतो.

आता निळा भर. फार गडद नको, नेलला आवडायचा नाही. गुरुवारी निघतो. माडीवर अंथरूण घाल.

तैमन