भिंतीतली बाटली

रविवार, २ मार्च २०२५

माझ्या लग्नाचा साक्षीदार, माझा कूम, प्रिय स्लावी यास, पेन्कोचा मनापासून नमस्कार.

अक्षर ओळखलंस ना? मी आहे तसाच हेकट. इथे बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. त्सोन्काचे गुडघे दुखतात आणि त्याचा राग नवऱ्यावर, म्हणजे माझ्यावर, निघतो. काल तिने माझ्या मनगटाला मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला आणि म्हणाली, "एक तुझ्या कूमसाठीही वळलाय. पाकिटात घाल." तो सोबत आहे.

तुमच्या खाणीतून तो पांढरा दगड अजून निघतो का रे? बॅराइट. दिसायला साधा, पण मुठीएवढा तुकडा उचलला तरी मनगट खाली जायचं. इस्पितळाच्या किरण अडवणाऱ्या भिंतीच्या काँक्रीटसाठी त्याची पहिली गाडी घेऊन आलास तेव्हा मी तुला चिडवलं होतं, वाटेत देवळाच्या घंटा चोरून भरल्यास की काय म्हणून.

बातमी अशी, की माझ्या नेवेनाला त्याच इस्पितळात नोकरी लागली. कर्करोगाच्या विभागात किरणांचं यंत्र चालवते. बाप्तिस्म्याला तू हातात धरलेली तुझी नेवेना! पेशंट आत, ती भिंतीच्या अलीकडे. आपल्याच त्या दीड मीटरच्या भिंतीच्या.

आता भिंतीवर आलोच आहे, तर लिहितो.

मी बांधलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीत शकुन म्हणून राकियाची, आपल्या फळांच्या दारूची, बाटली आणि तिच्या गळ्याला बांधलेलं एक नाणं असतं. माझ्या बापाने तसं शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. इस्पितळाच्या भिंतीतही, साच्यात काँक्रीट छातीपर्यंत आलं तसा मी खिशातून बाटली काढून हळूच आत सोडली. तू पाहिलंस. आधी माझ्याकडेच आलास, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "पेन्को, काढ ती. ही घराची भिंत नाही. बाटलीएवढी पोकळी म्हणजे किरणांना तेवढी वाट." मी बरं म्हणालो, आणि तुझी पाठ वळताच वरून काँक्रीट ओतलं.

सकाळी तू इंजिनिअरला सांगितलंस. सगळ्या गड्यांसमोर मी म्हणालो, स्लावी खोटारडा आहे, त्याला माझी मुकादमी हवी आहे. भिंत फोडायला तीन दिवस लागले. ते जड काँक्रीट फोडताना पोरांच्या हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी बाटली निघाली, साधा तडासुद्धा नाही. तू ती पुसलीस, माझ्या हातात दिलीस आणि कामाला लागलास. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर क्षमेचे, वर्षातून एकदा एकमेकांची माफी मागायचे, नऊ रविवार गेले. लग्नात माझ्यामागे उभा राहिलेल्या कूमच्या दारात मी एकदाही आलो नाही. उलट गावभर सांगत सुटलो की तू माझं नाव घालवलंस.

मंगळवारी नेवेनाने मला तिचं काम दाखवायला नेलं. तिथली एक बाई भिंतीजवळ मोजणीचं यंत्र फिरवत होती. मी छातीच्या उंचीवर, दाराच्या डाव्या हाताला बोट ठेवलं आणि म्हणालो, इथे मोजा. बाईने मोजलं. बाहेरच्या व्हरांड्यात जो आकडा होता तोच, म्हणजे एकही किरण अलीकडे येत नव्हता. नेवेना हसायला लागली, बाबा किती घाबरताय म्हणून. तिची खुर्ची बरोबर त्या जागेसमोर आहे, स्लावी. आणि जुलैत तिला बाळ होणार आहे.

तिथेच बसून मी तिला सगळं सांगितलं. मग पोरगी म्हणाली, "म्हणजे कूम कधी येत नाहीत ते तुमच्यामुळे?" मी हो म्हणालो. हे पत्र तिनेच लिहायला बसवलंय.

पत्र पोचेपर्यंत आजचा क्षमेचा रविवार उलटून जाईल. पुढच्या रविवारी अकराच्या बसने मी, त्सोन्का आणि नेवेना, आम्ही तिघं येतोय. बाटली मी फोडलेली नाही, अजून तशीच आहे. दार उघडलंस तर दोघं मिळून उघडू. नाही उघडलंस तर पायरीवर ठेवून जाईन. ती तुझीच आहे.

मला माफ कर, कूम. आणि त्या दिवशी माझी भीड धरली नाहीस, त्याबद्दल देव तुला उदंड आयुष्य देवो.

तू फोडायला लावलेल्या भिंतीमागे सुखरूप बसणाऱ्या मुलीचा बाप,
पेन्को