टाक्यांवर नेसलेली साडी

१५ जानेवारी
गच्चीवर सकाळपासून पतंग उडवणाऱ्या पोरांचा "काप्यो छे"चा गोंगाट. मी आतल्या खोलीत छताकडे बघत. मणक्यात स्क्रू बसवून तीन आठवडे होतील. टाके निघाले, जखम कोरडी आहे म्हणाले डॉ. कुशीवर वळायचं तर अख्खं ओंडक्यासारखं, एकदम. शाळेत माझा सातवीचा वर्ग कुणाच्या गळ्यात बांधलाय कोण जाणे. जीव नुसता आंबलाय.

१८ जाने.
हळदीकुंकू केलंच. सुरतेत आल्यापासून एकदाही चुकवलं नाही, यंदा का चुकवू? डॉ.नी सैल गाऊनच घाला म्हणून बजावलं होतं. पण शाळेतल्या बायका येणार आणि मी गाऊनवर वाण देऊ? साडी नेसले. वाकता येत नाही म्हणून परकराची नाडी ह्यांनी बांधली.
"घट्ट झाली का वं?"
"होऊ दे, नाहीतर निऱ्या सुटतील."
त्यावर कमरेचा पट्टा. दोन तास खुर्चीत बसले. तिळगूळही खाल्ला, शुगर असून. किती दिवसांनी माणसांत आल्यासारखं वाटलं.

२१ जाने.
अंग कणकण. गाऊन पाठीला चिकटला, वाटलं घाम. शेजारच्या हंसाबेननी वर करून पाहिलं. "बेन, आ परसेवो नथी, रसी छे." पू. नाडी बसते नेमकं तिथेच जखम उकललीय. हे पलसाण्याच्या मिलमधून पाळी अर्धी टाकून आले. रिक्षाने थेट दवाखान्यात.

२२ जाने.
जखम पुन्हा उघडून आतून धुतली. शुद्धीवर आल्यावर डॉ. : "इन्फेक्शन स्क्रू तक गया नहीं लगता, अभी रहने देते हैं. लेकिन बुखार वापस आया तो निकालने पड़ेंगे." हाडं अजून जुळलेली नाहीत. स्क्रू निघाले तर पाठीला धरून ठेवणार कोण? पुन्हा किती महिने आडवी, आणि उठले तरी वर्गात उभी राहीन की... पुढचं नको.

२४ जाने.
सलाईनमधून अँटिबायोटिक. तोंड कडूजहर. शीर सापडत नाही, दोन्ही हात काळेनिळे. ह्यांचं सारखं एकच, "माझ्यामुळंच झालं ना?" डॉ.नी समजावलं, शुगर आहे, नुसत्या नाडीवर खापर कसं फोडणार. पण पटत नाही. त्यांचा डबा तसाच परत. शेवटी मी भडकले. "घट्ट बांधा मीच म्हटलं होतं. पाठ माझी, हौस माझी, तुम्ही कशाला मधे पडता?" हे हसायलाच लागले. मलाही हसू आलं, तर पाठीतून कळ गेली. बरं वाटलं तरी.

२६ जाने.
काल दिवसभर ताप नाही, आज नाही. पाठीतल्या नळीतून येणारं पाणी कमी झालं. पडून पडून टाचा दुखतात. उठावंसं, चालावंसं, कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. सिस्टरशी भांडले. बिचारी.

२८ जाने., दुपार
हे खुर्चीत संत्रं सोलत फोनवर लेकीशी बोलताहेत. "तुझी आई एकदम झकास, परवा सोडतील बहुतेक." आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा. सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी, मी बघितलं.
मला मघापासून थंडी वाजतेय, बारीक. पंखा बंद करा म्हटलं तर ओळखतील, म्हणून चादर ओढून घेतली. सिस्टर थर्मामीटर काखेत देऊन बाजूच्या पेशंटकडे गेलीय. थर्मामीटरची शिट्टी वाजून गेली. फोनमुळे ह्यांना ऐकू आली नाही.
भीती वाटते. काढत नाहीये अजून. त्यांचं संत्रं सोलून होऊ दे.