शांताचं नाक आणि तीन बाटल्या

३ फेब्रु., मंगळ.
गोव्याहून सलोमीचं पार्सल आलं. जावई जहाजावर असतो, त्याने आणलेल्या पोर्ट वाइनच्या तीन लहान बाटल्या. पांढरी, रुबी, टॉनी. आईच्या नाकासाठी, म्हणते लेक.
नाताळच्या तापापासून शांताला वास नाही, चवही जवळजवळ गेली. स्वयंपाक सोडला, जेवण चार घासांवर आलं. साडीच्या निऱ्या वाढत चालल्यात. डॉ. म्हणाले होते, रोज वेगवेगळे वास द्या, नाकाला आठवण करून द्या. लवंग झाली, कॉफी झाली, लिंबू झालं. पोर्टचं विचारलं तर हसले. चमचाभर चालेल.
शां.: "जन्मभर सायबांना पाजली, आता म्हातारपणी बायकोला."

४ फेब्रु.
खरंच. इथे भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये वाढपी म्हणून उभी हयात गेली. मोठ्या जेवणानंतर पोर्ट डावीकडे फिरायची, सगळ्यांचे ग्लास भरेपर्यंत टेबलावर टेकवायची नाही. हे सगळं पाठ. चाखली मात्र कधी नाही.
आज पांढरी. मधासारखी, मागून संत्र्याची साल. शां.ला सांगितलं. घोट घेऊन म्हणाली, व्हय, साल लागते. जीव भांड्यात पडला.

६ फेब्रु.
रुबी. रंग जांभळाचा. जिभेवर आधी गोड, मग किंचित तुरट, मग छातीत ऊब. पिकलं करवंद, म्हणालो. शां. म्हणाली, करवंदच. सलोमीला फोन केला, लेक रडायलाच लागली.

८ फेब्रु., रवि.
टॉनी. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते म्हणे, लाल रंग उडून विटकरी होतो. मनुका, अक्रोड, आणि जुनं कपाट उघडल्यावर येतो तसा वास. रुबी तरणीताठी, ही पोक्त. मला हीच भावली. वयाचा परिणाम असेल.
शां.लाही मनुका लागल्या.
पण दुपारचं पिठलं ताटात तसंच. पोर्ट कळते आणि पिठलं कळत नाही, हे कसं...

९ फेब्रु.
सकाळपासून तेच डोक्यात. आधी मी बोलतो, मग ती.
संध्याकाळी तिला डोळे मिटायला लावले. रुबी आणि टॉनी, स्टीलच्या पेल्यांतून. मी तोंडाला कुलूप घातलं. ओळख म्हणालो. दोन्ही पेले आळीपाळीने तोंडाला लावले.
"दोन्ही नुसत्या गोड. तुमी एवढ्या हौसेनं सांगता, तुमचं मन मोडवंना मला."
बाटल्या कपाटात ठेवल्या.

१० फेब्रु.
सलोमीचा फोन शां.नेच उचलला. खरं ते सांगून टाकलं. आवाज मोकळा वाटला तिचा. जेवण तेवढंच.

१३ फेब्रु., शुक्र.
संध्याकाळी तिनेच टॉनी काढली. मला म्हणाली, आज तुमी बोलायचं न्हाई. घोट घेतला.
"गूळ करपलाय कुठंतरी. कढईला लागलाय."
उठून स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंद. ओट्यावर काही नाही. परत आलो तर पेला नाकाशी धरलेला. नाक जागं होताना खोटे वासही येतात, असं डॉ. बोलले होते, ते आठवलं.
"तुमालाबी येतोय ना?"
पेला घेतला, नाक घातलं. मनुका. लाकूड. करपलेला गूळ? पुन्हा घातलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्याकडे बघायचो तशीच. तिने माझ्यासाठी इतक्यांदा 'व्हय' केलं, एक 'व्हय' मलाही जड नव्हतं.
"मला मनुकाच येतात," म्हणालो. "तुझं तू बघ."
रुसली नाही. पेला माझ्या हातातून घेतला, एकदा हुंगला आणि आत गेली. गुळाचा डबा उघडल्याचा आवाज आला.
झाकण लावल्याचा अजून नाही.