कम्प्युटर माळवदात, म्हातारी पत्र्यात

चि. धोंडीराम यास थोरल्या अंजनाआक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळी खुशाल हायेत, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. खरं विचारशील तर आमच्या घरात एकटा कम्प्युटर खुशाल हाय, अन् तोबी मधून मधून मरतो. तुझा गुडघा कसा हाय? भावजयीचा खोकला गेला का? (लिहायला सूनबाई मंगल बसलीय. ती म्हणती, आधी कामाचं सांगा, कागद भरत आला. भरू दे. कागद काय तिच्या माहेरचा हाय?)

तर झालं असं. आमचा नातू गहिनीनाथ लग्नाच्या शूटिंगा करतो, हे तुला सांगायला नको, तुझ्या सायलीचं लग्न त्यानंच क्यामेऱ्यात काढलं. त्याची फिल्म करायला नवा प्रोसेसर पाहिजे म्हणला. प्रोसेसर म्हणजे कम्प्युटरचा बैल. बाकीची नुसती गाडी. महिनाभर मोबाइलवर बघत बसला, पोरीला स्थळं बघावीत तसा. ह्याला ताकद हाय पण महाग, तो स्वस्त पण आखूड दमाचा. शेवटी मागच्या पिढीतला एक स्वस्तातला आणला. म्हणला, "आजी, ह्याला कुलूप न्हाई. कंपनीनं ठरवलंय त्याच्यापेक्षा जास्त पळवता येतो. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला." आता मला सांग धोंड्या, वेसण नसलेला बैल बाजारात स्वस्त कावून मिळतो, हे इचारायला नको? मी म्हणले, बाबा, चालीचा घे, पळीचा नको. तर म्हणतो, हे नशिबावर हाय, एकाच कंपनीचे दोन प्रोसेसर सारखे पळत न्हाईत, लागला तर लागला. आपण साधं करडू घेताना पाय उचलून, तोंड उघडून बघतो. ह्यानं डब्यात बंद नशीब आणलं.

पळवला. पळवला तसा तापला. संगं आलेला पंखा पुरंना. मग गार जागा हुडकायला लागला, अन् आमच्या घरात गार जागा एकच, माझी माळवदाची खोली. जाड मातीच्या भिंती, वर लाकडावर माती. बाहेर वैशाख पेटला तरी आत रांजणासारखं गार. तिथं कम्प्युटर गेला, अन् माझी बाज पत्र्याच्या खोलीत आली. दुपारी पत्रा असा तापतो की वर पापड टाकले तर वाळत न्हाईत, भाजतात. मी मंगलला म्हणले, तुझ्या लेकानं म्हातारी उन्हात काढली. तर म्हणती, "आत्याबाई, त्याला तापलं तर बोलता येत न्हाई. तुमाला येतं." (लिहिलंस का हे? बरं केलंस. मामालाबी कळू दे.)

माळवदातून माती झडती, म्हणून मी वर जुनं लुगडं ताणून बांधलं होतं. हवा अडती म्हणून ह्यानं ते सोडलं. कम्प्युटरच्या डब्याचं कवाडबी उघडंच ठेवलं, गार वारं लागावं म्हणून. आता वरून माती, खाली पंखा. पंखा म्हाताऱ्या शेळीवानी खोकतो अन् कम्प्युटर डोळे मिटतो. मिटतो कधी, तर सायली हार घालायला हात उचलती तेव्हाच. तुझी नात तुमच्या आष्टीहून सासरी जाऊन नांदायला लागली, आमच्या घरात ती अजून हार धरून उभी हाय. मी लुगड्याचं बोलले, तर म्हणला, "आजी, तुला ह्यातलं कळत न्हाई, करंट कमी पडतोय." अन् करंट आणखी वाढवला. दमल्या बैलाला आणखी चाबूक!

माझी आता आशा सुटली, धोंडीराम. नवरी होऊन ज्या खोलीत आले, तिथूनच जावं म्हणत होते. आता जाईन ती पत्र्यातूनच, अन् चितेवर ठेवल्यावर म्हणीन, इथं जरा बरं हाय.

तुझी अर्धी भाजलेली,
आक्का
(अंगठा उठवते म्हणले, तर मंगल म्हणती शाई सांडंल.)

ता. क. खरं काम आता सांगते. तू चार दिवस मुक्कामाला ये. आल्या आल्या म्हण, डॉक्टरनं गार खोलीत झोपायला सांगितलंय. बापाच्या मामाला पत्र्याखाली झोपवायची रीत आमच्यात न्हाई, गहिनीनाथाला कम्प्युटर उचलावाच लागंल. तू गेलास की तिथं मी बाज टाकीन. मग कोण उठवतं बघू.

आणखी एक ता. क. मंगलनं कागद पुरा व्हायच्या आत लेकाला सगळं सांगितलं. तो लई खूश झाला. पत्र्याच्या खोलीत माझ्या बाजेशेजारी त्यानं दुसरी बाज टाकलीय, उशाशी ओला टावेल ठेवलाय. म्हणतो, "मामा-आजोबा आल्यावर तुला बोलायला माणूस झालं." तरी तू ये, बाबा. एकटी भाजले तर म्हातारी कुरकुरती म्हणतात. दोघं मिळून कुरकुरलो तर कुणीतरी ऐकंल.