गुडघा टेकताना

वेस्टरहोल्म, ११ जून २०१२

ति. ताईस एस्किलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे उन्हाळ्यात पाठवण्याची तुझी खोड अजून गेलेली नाही. इकडे वारा आहे, नवे बटाटे निघाले आहेत, आणि माणसं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागली आहेत. कारण तू वाचलंच असशील.

गुरुवारी कायदा झाला. दोन पुरुष किंवा दोन बायका आता चर्चमध्ये, वेदीसमोर, लग्न लावून मागू शकतात. पाद्र्याला नाही म्हणता येतं, चर्चला येत नाही. मी नकार दिला तर बिशप दुसरा पाद्री धाडतील आणि त्याला आमचं दार उघडून द्यावं लागेल. नगरपालिकेत काय हवं ते करा, माझी हरकत नव्हती. पण वेदीसमोर काय म्हणायचं हे संसदेने ठरवावं, याने मी सुन्न झालो आहे. दोन दिवस जेवण गेलं नाही.

काल प्रवचनात सांगून टाकलं, की माझ्या हातून हे होणार नाही. पेपरवाला आला होता. कात्रण सोबत आहे. फोटोत मी बाबांसारखा दिसतो, चिडलेल्या बाबांसारखा. वालबोर्ग आपली तशीच. कबरी खणून आणि चर्च झाडून तिला तीस वर्षं झाली, जीभ थकत नाही. तिने मला विचारलं, की सदसद्विवेक फक्त पाद्र्यांनाच दिलाय का, झाडूवालीने त्यासाठी अर्ज कुठे करायचा.

आपल्या गावात असं जोडपं नाही, ही देवाची कृपा. बाहेरचं कोणी आलं तर बघू.

तुझ्या भाडेकरू बोडिलबाईंचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दोन वर्षं सांगतो आहे. एकतीस वर्षं तुझ्या छपराखाली राहतात, तुझं तरी ऐकायला हवं. त्यांना नमस्कार. मेणबत्त्यांची पेटी नाताळला नेहमीप्रमाणे येईल.

सगळे सोडून गेले तरी तू मला समजून घेशील. तेवढी माया राहू दे.

तुझा
एस्किल


आर्हुस, १६ जून २०१२

चि. एस्किल यास आस्टाताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. कात्रण मी आधीच पाहिलं होतं. स्ट्रॉबेरी यंदा लवकर आल्या. बोडिलचा गुडघा वाईट आहे, काठीशिवाय चालत नाही आणि डॉक्टरचं नाव काढलं की तिला बागेत काम आठवतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू सुन्न झालास, तशी मीही झाले, पण वेगळ्या जागी. गावात असं जोडपं नाही ही देवाची कृपा, त्या ओळीपाशी.

एस्किल, काल सकाळी आम्ही अर्ज टाकला. बोडिलने आणि मी. अठरा ऑगस्टची तारीख मागितली आहे, वेस्टरहोल्मच्या चर्चमध्ये. बोडिल भाडेकरू नाही. पहिल्या दिवसापासून नव्हती. तो शब्द मी एकदा सोयीसाठी वापरला आणि मग तो आमच्या घरात एकतीस वर्षं राहिला.

तू लग्न लाव असं मी म्हणणार नाही. माझ्या मते कोणत्याही पाद्र्याला त्याची सक्ती नसावी. तोंड दाबून काढलेला आशीर्वाद मला नको. पण चर्च तुझं एकट्याचं नाही. तिथे माझा बाप्तिस्मा झाला, आई-बाबा त्याच्या भिंतीला टेकून झोपले आहेत. त्या दाराने मला आत यायचं आहे आणि त्यासाठी तुझी परवानगी मागायची नाही. दुसरा पाद्री येऊ दे.

तू येशील का, एवढंच विचारते. लहानपणी वादळात माझ्या पलंगावर येऊन बसायचास, तसा. तुझ्यावरचा माझा जीव कमी झालेला नाही. तुझं तू बघ.

ताई


वेस्टरहोल्म, २० जून २०१२

ताई,

पत्र स्वयंपाकघरात उघडलं. बटाट्याचं भांडं जळलं, तळापर्यंत. वास अजून पडद्यांना आहे.

मी येऊ शकत नाही. मी व्यासपीठावरून जे बोललो ते तुझ्यासाठी वेगळं आणि परक्यासाठी वेगळं करता येत नाही. तसं केलं तर पुढच्या रविवारी तोंड उघडायला मला जागा उरणार नाही. अठरा तारखेला मी नॉर्वेत असेन, मासे पकडायला.

आईला ठाऊक होतं का?

मी दर नाताळला बोडिलबाईंना मेणबत्त्या पाठवत होतो. आईच्या अंत्यविधीला मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं, शेजाऱ्यांत. तेव्हा का बोलली नाहीस?

एस्किल


आर्हुस, २५ जून २०१२

चि. एस्किल यास ताईचे आशीर्वाद, न मागता.

मागच्या बाकाचं बोडिलने मला कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी तिने कॉफीचे कप धुतले, सगळ्यांचे. मी बोलले नाही कारण भ्याले. दुसरं कारण शोधू नकोस.

आई एकदा आठ दिवस राहायला आली होती. बागेत फिरताना तिने रेडकरंट बेरींची चार झुडपं पाहिली. मला त्या आंबट लागतात, लहानपणापासून मी त्या थुंकून टाकते, हे आईला माहीत. भाडेकरणीसाठी कोणी चार झुडपं लावतं का, असं तिने विचारलं. मी कॉफी ठेवायला आत गेले. पुढच्या वसंतात तिने टपालाने पाचवं पाठवलं. तू म्हणतोस ते ठाऊक असणं म्हणजे हे असेल, तर ठाऊक होतं.

नॉर्वेत मासे चांगले असतात. स्वेटर घे.

बोडिलकडून कोणी येणार नाही. तिच्या भावाने पत्र न उघडता परत पाठवलं. आपल्याकडे वधू-वर वेदीपुढे समोरासमोर खुर्च्यांवर बसतात आणि प्रत्येकाच्या शेजारी आपलं माणूस बसतं. माझ्या शेजारी वालबोर्ग बसेल. तिची फोनवरची अट अशी, की कबरी खणायचे बूट तिने घरी ठेवायचे तर मी टोपी घालायची नाही. बोडिल म्हणते तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू दे, काठी ठेवायला होईल.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

ताई


वेस्टरहोल्म, ३० जुलै २०१२

ति. ताईस सा. न.

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

शुक्रवारी क्रेस्टेन आला होता. चर्च मंडळाचा अध्यक्ष, मिशन हाऊसच्या कर्मठ मंडळींतला खंदा माणूस, मला पाठिंबा द्यायला. त्याची योजना तयार होती. त्या दिवशी किल्ली हरवायची. घंटेचा दोर दुरुस्तीला काढायचा. बिशपांनी धाडलेली पाद्रीण आली की मोटार उभी करायला जागा ठेवायची नाही. मग तो हसला आणि तुमच्या दोघींविषयी एक गोष्ट बोलला. ती मी लिहिणार नाही.

मला धक्का बसला तो त्या गोष्टीचा नव्हता. ती गोष्ट माझ्या प्रवचनाच्या पुढचं वाक्य असल्यासारखी त्याच्या तोंडून आली, याचा होता. तो मला आपला माणूस समजत होता. कॉफीला थांबणार होता.

मी त्याला सांगितलं, की नकार माझा आहे, किल्ली माझी नाही. किल्ली वालबोर्गकडे दिली आहे. त्याची कॉफी मोरीत ओतली.

माझं मत तेच आहे. हे तुला कळावं म्हणून लिहितो, तू आशा धरून बसू नये म्हणून. नॉर्वेची बोट ठरलेली आहे.

पाचवं झुडूप अजून आहे का?

तुझा
एस्किल


आर्हुस, २ सप्टेंबर २०१२

श्री. एस्किल यांस बोडिलचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. मेणबत्त्यांचे आभार आस्टाच्या पत्राच्या तळाशी एका ओळीत जायचे. आज लिहिते, कारण पंधरा दिवस आस्टा टपालवाल्याची वाट बघते आहे आणि बघत नाही असं दाखवते आहे.

लग्नाच्या दिवशी घंटा थांबल्यावर दार पुन्हा उघडलं. मला मान वळवता येत नाही, पण समोर आस्टाचा चेहरा होता, त्यावरून कोण आलं ते कळलं. तुम्ही साधा कोट घातला होता. तिच्याकडे जाल असं वाटलं होतं. तुम्ही माझी काठी उचललीत आणि त्या खुर्चीवर बसलात.

तुम्ही स्तोत्र म्हटलं नाही. आशीर्वादाला सगळे उठले, तुम्ही बसून राहिलात. मला ते योग्यच वाटलं. माणूस जे मानत नाही त्यासाठी त्याने उठू नये.

मी गुडघे टेकणार नाही असं आस्टाला बजावलं होतं. ऐन वेळी टेकले. मग उठता येईना. पाद्रीणबाईंच्या एका हातात पुस्तक, दुसरा आमच्या डोक्यावर. आस्टा ओढत होती आणि स्वतःच कलंडत होती. वालबोर्गला हसू आवरेना. सगळं चर्च बघत होतं, क्रेस्टेनसुद्धा, शेवटच्या बाकावरून. तेव्हा तुम्ही उठलात. वेदीपाशी आलात, माझ्या काखेत हात घातलात आणि ऑपरेशन करून घ्या म्हणून दोन वर्षं सांगतो आहे, असं कानात पुटपुटलात. चांगलेच चिडला होतात. मग जाऊन पुन्हा बसलात. कॉफीला थांबला नाहीत.

तुम्ही कशासाठी उठलात हे मी विचारणार नाही. आस्टालाही विचारू देणार नाही. गावात लोक काय विचारतात ते वालबोर्गने कळवलं आहे.

तिला दोन ओळी लिहा. मला लिहिल्यात तरी चालेल, पत्ता एकच आहे. आजवर नातं टिकवलंत तसं पुढेही टिकवावं, ही विनंती.

बोडिल


वेस्टरहोल्म, ६ सप्टेंबर २०१२

ति. ताई आणि ति. बोडिलताई यांस एस्किलचा सा. न. वि. वि.

पाकिटावर पहिल्यांदाच दोन नावं. लिहिली आहेत.

रविवारी मिशन हाऊसचे तीन बाक रिकामे होते. उरलेल्यांना वाटतं मी बदललो. त्यांना सांगितलं, बदललो नाही. म्हणजे आता दोन्हीकडून कोणी बोलत नाही. वालबोर्ग बोलते.

कशासाठी उठलो ते मलाही सांगता येत नाही. एक बाई पडत होती. रोज सकाळी एवढंच उत्तर सापडतं, आणि ते पुरत नाही, आणि मी हादरलेला राहतो.

हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मंगळवार, पंचवीस तारीख, दहा वाजता, आर्हुसलाच. मी गाडी घेऊन येईन. त्या दिवशी बागेत काम नाही.

रेडकरंट बेरींचा मोसम संपला असेल. मुरंबा उरला असल्यास एक बरणी ठेवावी. मला त्या कधीच आंबट लागल्या नाहीत.

दोघींचा
एस्किल