सासूबाईंची मोका

पोत्सुओली, बंदरामागची गल्ली, जिना ब
मंगळवार, जेवणानंतर

आदरणीय पाल्मिरा मावशींना,

प्रोकोलोचा टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो, रक्तदाब ठिकाणावर आहे का, आणि तुरीनच्या पाण्यानं तुमची कॉफी अजून बिघडतेच आहे का, हे सवडीनं कळवावं. (इथे कुणी तुरीनच्या पाण्याचा विषय काढला की सासूबाई एकदम गप्प होतात. बहिणीचे हाल त्यांना ऐकवत नसावेत.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे सासूबाईसुद्धा. टिटिनानं तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना फोन करून खुलासा केलाच आहे, पण तुम्हाला ऐकू कमी येतं आणि त्या बाई निरोप अर्धाच पोचवतात, म्हणून लेखी देतो: तुमची थोरली बहीण दोन्ना एर्सिलिया जिवंत आहे, खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालंय, आणि मी हे लिहीत असताना ती स्वयंपाकघरात काठी टेकून उभी राहून माझ्या बायकोला, टिटिनाला, वांगी कशी चिरायची ते शिकवते आहे. माझी बायको अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तेव्हा तुम्ही काळे कपडे बाहेर काढले असतील तर ते परत कपाटात ठेवावेत, आणि डांबराच्या गोळ्या घालायला विसरू नये.

आता हे झालं कसं, ते सांगतो. तुम्ही मला पूर्वीपासून सांभाळून घेत आलात, म्हणून तुम्हालाच सांगतो. सगळ्याचं मूळ मोकात आहे, शेगडीवर कॉफी करायच्या त्या भांड्यात. तुमच्या वडिलांनी तुम्हा दोघींच्या लग्नात (दोघींचं एकाच दिवशी, एकाच मांडवात, म्हणजे खर्चही एकदाच) एकाच दुकानातून सहा कपांची एकेक मोका घेतली आणि तळाला खिळ्यानं लग्नाचं साल कोरलं, ६७, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण त्या मोकाचा आमच्या घरातला मान तुम्हाला ठाऊक नसेल. मी इथे घरजावई म्हणून राहायला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. या घरात मला पुष्कळ मुभा आहे. गॅसची टाकी बदलायची, पाहुण्यांसमोर मान डोलवायची, नाताळात वाम माशाला मारायचं. मोकाला हात लावायचा नाही, एवढंच. पाणी व्हॉल्वच्या खालपर्यंत, कॉफीचा डोंगर रचायचा पण दाबायचा नाही, आच इतकी मंद की शेगडीलाच डुलकी लागावी, पहिली गुरगुर ऐकू यायच्या आत खाली उतरवायची, हे सगळं त्या स्वतः करणार. आणि धुवायची नुसत्या पाण्यानं. साबण लावणाऱ्याला त्या घरात घेत नाहीत. कारण आत जे काळं पुट चढतं त्यातच चव असते, आणि आमच्या मोकात एकोणपन्नास वर्षांचं पुट होतं.

सासूबाई इस्पितळात गेल्या आणि टिटिना त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून नेपल्सला चुलतबहिणीकडे मुक्कामाला गेली. घरात मी एकटा. मावशी, माझा जन्म इस्किया बेटाच्या बोटीवर पितळ घासण्यात गेला. माणूस रिकामा बसला की त्याचे हात जुन्या कामाकडे जातात. मला वाटलं, म्हातारी घरी येईल तेव्हा तिला खूश करावं. मी मोका खाली घेतली आणि बोटीवरची पितळेची पेस्ट लावून घासली. बाहेरून घासली. मग आतून घासली. अशी चमकली की तिच्यात पाहून मी दाढी केली. (खरंच केली. कानाखाली थोडं राहिलं.) मग तिच्यात कॉफी केली, तर बोटीचा कठडा चाटावा तशी चव. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेस्टची चव घालवायला पाणी आणि व्हिनेगर भरून मोका शेगडीवर ठेवली, आणि पाच मिनिटं म्हणून गॅलरीत गेलो. खाली मासे विकणारा गाएतानो रविवारच्या सामन्यातल्या पेनल्टीबद्दल अत्यंत चुकीचं बोलत होता. त्याला समजावण्यात पाऊण तास गेला. परत आलो तर पाणी आटलेलं, रबराची रिंग जळून खाक, मूठ वितळून शेगडीला चिकटलेली आणि तळ फुटलेला. ६७ मधला ६ तेवढा दिसत होता. मी खुर्चीवर बसलो आणि मावशी, रडलो. सासूबाईंच्या भीतीनं रडलो हे तर आहेच, पण तुमच्या वडिलांचाही मान गेला याचं वाईट वाटलं. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण रोज सकाळी त्यांनीच दिलेली कॉफी पीत होतो.

नवी घ्यायला अन्सेल्मोच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, एक मोका द्या म्हणायचं आणि घेऊन यायचं. पण तो मुलगी द्यायची असल्यासारखा प्रश्न विचारायला लागला. घरात किती माणसं? तीन. मग तीन कपांची घे. नको, सहाचीच हवी. अरे, तीन माणसांत सहाची भरायची तर पूर्णच भरावी लागते, अर्धी भरलेली मोका म्हणजे पाणीच. आम्ही पूर्णच भरतो, म्हटलं, तीन कप सासूबाईच पितात. मग त्यानं मला पोलादाच्या दाखवल्या, रंगीत दाखवल्या, एकीला काचेचं डोकं होतं. मी म्हटलं, अॅल्युमिनियमची, आठ पैलूंची, जुन्यासारखी दे आणि तोंड बंद ठेव. त्यानं हातातली रंगीत खाली ठेवली. "जाळलीस?" म्हणाला. मी मान हलवली. "एर्सिलियाची?" मी परत हलवली. त्यानं दोन जादा रिंगा फुकट दिल्या आणि माझा हात हातात धरला.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. नव्या भांड्यातल्या पहिल्या तीन कॉफ्या फेकायच्या हे लहान पोरालाही माहीत आहे, पण एकोणपन्नास वर्षांचं पुट अकरा दिवसांत कसं चढवायचं? एकच उपाय होता. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत कॉफी करत राहायचं. मी केली. दिवसाला वीसबावीस वेळा. फेकून द्यायचा जीव होईना, म्हणून जिन्यात जो दिसेल त्याला पाजली. उरलेली मी प्यालो, त्यामुळे झोप गेली, डोळे लाल झाले, हात थरथरायला लागले. दाढी करायला मोका राहिली नव्हती. आणि घरातला जळक्या रबराचा वास जाईना म्हणून दाराची एक फळी दिवसरात्र उघडी ठेवली.

तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल. आपल्याकडे घरात माणूस गेलं की दाराची एक फळी उघडी ठेवतात हे तुम्ही तुरीनला जाऊनही विसरला नसाल. माझ्या मात्र ध्यानात आलं नाही. माझं सगळं लक्ष आचेवर. जिन्यातल्या लोकांनी काय पाहिलं? म्हातारी इस्पितळात, मुलगी दिसत नाही, दार अर्धं उघडं, आणि जावई तारवटलेल्या डोळ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी देतो आहे. त्यांना दुःखापेक्षा शरमच जास्त वाटली. कारण ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, कॉफी शेजाऱ्यांनी न्यायची असते, आणि इथे बिचारा प्रोकोलो स्वतःच सगळ्या जिन्याला पाजत होता. चौथ्या मजल्यावरची राकेले पहिली आली. हातात किलोभर साखर आणि पावशेर कॉफी. "आम्हाला माफ कर रे," म्हणाली, "आम्ही काय माणसं आहोत का." मला वाटलं, आजाऱ्यासाठी आणली आहे. आजाऱ्याच्या घरीही साखरच नेतात, त्यात मी काय ओळखणार? मी आभार मानले आणि तिला कॉफी दिली. ती ओक्साबोक्शी रडली. मला वाटलं, चव जमायला लागली.

मग रीघच लागली. साखर, कॉफी, साखर, रस्सा, साखर. सगळे हळू आवाजात बोलत होते, पण माझ्या कानात सारखं गुरगुरत होतं, त्यामुळे मला अर्धंच ऐकू येत होतं. पाद्री लिबोरिओ येऊन भिंतीला टेकून बसले आणि तीन कप प्याले. तुमचा पत्ता कुणीतरी विचारला, मी दिला. तुम्हाला तार गेली ती अशी. आणि शुक्रवारी जिना ब नं वर्गणी काढून काळ्या चौकटीची निधनाची पत्रकं छापून घेतली आणि बंदराच्या कोपऱ्यापासून चर्चपर्यंत भिंतींवर चिकटवली. मला पत्ता नाही. मी घराबाहेर पडलोच नव्हतो. माझी एकशे नव्वदावी कॉफी चालू होती.

शनिवारी सासूबाईंना दोन दिवस आधीच घरी सोडलं. टॅक्सी गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यावर थांबली, आणि काठी टेकत उतरलेल्या सासूबाईंसमोर भिंतीवर त्यांचंच नाव. टिटिना सांगते, ती स्वतः किंचाळली, पण आई शांतपणे चष्मा शोधत होती. चष्मा लावून त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. "अठ्ठ्याहत्तर?" म्हणाल्या. "मी चौऱ्याहत्तरची आहे. अठ्ठ्याहत्तर कुणी सांगितलं यांना?" मग परत वाचलं. "आणि जिना अ कुठाय? जिना अ ला काही दुःख नाही झालं वाटतं?"

त्या वर आल्या तेव्हा घरात सतरा माणसं बसली होती. राकेले तोंडावर रुमाल धरून किंचाळायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पुरे गं. मेले असते तर तुला आधी कळवलं नसतं का?" पाद्री लिबोरिओंनी लगेच सगळ्यांना सांगून टाकलं की जिवंतपणी अशी बातमी उठली की आयुष्य वाढतं, तेव्हा जिना ब नं पुण्याचंच काम केलंय. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मला सोडून. कारण सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या, काठी बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॉफी कर."

मावशी, वादळात बोट धक्क्याला लावताना मी कधी देवाचं नाव घेतलं नाही, पण त्या दिवशी घेतलं. पाणी व्हॉल्वखाली. डोंगर रचला. दाबला नाही. आच मंद. गुरगुरीच्या आत उतरवली. कप त्यांच्यापुढे ठेवला. सतरा माणसं पाहत होती. (अन्सेल्मोही होता, तो जमिनीकडे बघत होता.) सासूबाईंनी वास घेतला. एक घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा घेतला. मग कप रिकामा करून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साखर जास्त आहे."

बस. एवढंच. मी सगळ्यांदेखत पोत्यावर बसलो (साखरेच्या). नऊ दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली. त्यांना कसलाही संशय नाही, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो. फक्त तुमची दुखवट्याची तार आली ती त्यांनी तीनचारदा वाचली. 'बाबांची मोका समोर ठेवून बसले आहे, आता कुणासाठी भरू' हे वाक्य वाचताना त्यांचा चेहरा पार उतरला, आणि तार अजून त्यांच्या उशीखाली आहे. तुमच्यावर त्यांची माया फार.

माझे जास्त बोलणे नको. हवा बरी आहे, जमीन या महिन्यात एकदाच हलली. लहानथोरांना यथायोग्य.

तुमचा भाचजावई,
प्रोकोलो

ता. क. साखर छप्पन्न किलो झाली आहे. तुम्हाला लागत असेल तर कळवावं.

ता. क. आणखी एक किरकोळ गोष्ट. नव्या मोकाच्या तळाला साल नाही. मी कोरायला बसलो होतो, पण माझा हात अजून थरथरतो, ६७ चं ५१ झालं असतं. त्यांनी मोका उलटी करू नये म्हणून सध्या पहाटे उठून कॉफी मीच करतो आणि मीच विसळतो. पण हे जन्मभर चालायचं नाही. मावशी, तुमची मोका तळाच्या सालासकट हुबेहूब तशीच आहे. ती गुपचूप माझ्या नावे पाठवाल का? तुम्हाला तशीही तिथल्या पाण्यानं चव लागत नाही. बदल्यात नवी पाठवतो, दोनशे कॉफ्यांची मुरलेली. हे पत्र त्याचसाठी लिहिलं.

ता. क. डॉक्टरांनी सासूबाईंना रोज टपालपेटीपर्यंत चालायला सांगितलंय, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. काळजी नसावी, पाकिटाला खळ दुप्पट लावली आहे.

पाल्मिरा, मी एर्सिलिया. खळ खरंच दुप्पट लावलीय मेल्यानं. वाफेवर पाकीट उघडायला मोका दोनदा चढवावी लागली. भांडं नवं आहे हे मला त्याच दिवशी समजलं, जुन्याचं झाकण लागताना कुरकुरायचं. पण सासूसाठी दोनशे वेळा कॉफी करणारा जावई कुणाला मिळतो? म्हणून बोलले नाही. तू तुझी मोका पाठवू नकोस. ती बाबांची नाही. तू तुरीनला निघालीस त्या आठवड्यात मी माझी शेगडीवर विसरून जाळली. तुझी सामानात बांधलेली होती, ती काढून घेतली आणि तिच्या जागी बाजारातली सगळ्यात स्वस्त ठेवली. साल मीच खिळ्यानं कोरलं. नीट बघ, बाबा सात असा काढत नसत. म्हणजे प्रोकोलोनं जाळली ती तुझी. एकतीस वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिले. तुझी तार वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. एकदा मेलेल्या माणसानं मनात काही ठेवू नये, म्हणून आज सांगितलं. रागाव, मग उन्हाळ्यात ये. तुला आधी कॉफी, मग भांडण. प्रोकोलोला यातलं काही कळू देऊ नकोस, पहाटे उठायची सवय लागलीय ती मोडेल. आणि तुरीनच्या पाण्याला नावं ठेवणं आता बंद कर. पाणी चांगलं आहे.